उतार

"कुणी हाक मारायची नाही. लेक माझी आहे, गर्दीतून मीच हुडकून काढणार," असं तिनं धाकट्या भावाला फोनवर बजावलं होतं. सहा वर्षं परमुलखात एका म्हातारीची चाकाची खुर्ची ढकलून ती आज विमानानं परतली होती. एवढा मान तर तिचा होताच.

काचेचं दार सरकलं. सामानाच्या गाडीच्या दांड्यावर दोन्ही हात घट्ट बसले आणि डोळे लागलीच कामाला लागले. फरशीची खाच. सांडलेलं पाणी. पुढे उतार. म्हातारी इवल्याशा धक्क्यालाही बोंब ठोकायची. तेव्हापासून दांडा हाती आला की हिला चाकापुढचं तेवढं दिसे, बाकी जग गेलं खड्ड्यात.

गर्दी दिसत होती, पण गुडघ्यापर्यंतच. बूट, चपला, कुणाच्या तरी पिशवीचा लोंबता पट्टा. आता बघते, आता बघते, म्हणत ती मान वर करी. चाक जरा कुरकुरलं की मान खाली.

उताराच्या तोंडाशी पांढऱ्या बुटांची एक जोडी गाडीसमोर येऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा हो, पाय येईल चाकाखाली."

बूट हलेनात.

"ऐकू येत नाही का? सरका की!"

"ताई," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतंही आणि नव्हतंही. "कुणाला सरकवतेयस, बघ तरी."

तिनं मान वर केली. बरीच वर करावी लागली. फोनच्या पडद्यावर लेक कायम गळ्यापर्यंतच असायची. खाली एवढी उंची वाढतेय, याचा पत्ता कुणाला!

"हेच का गं तुझं हुडकणं?" लेकीची हनुवटी थरथरली. "मी तर तुला काचेपलीकडूनच ओळखलं." मग ती खरंच बाजूला झाली. "घे, सरकले. जा आता."

आईचे दांड्यावरचे हात सुटले आणि लेकीच्या गालांवर गेले. भुवईतला जुना व्रण. नाकावर नवी पुटकुळी. डाव्या डोळ्यात पाणी आधी, उजव्यात मागून, अगदी लहानपणीसारखं.

मागे काहीतरी घरंगळत निघालं. भाऊ बोंबलत त्यामागे धावला, "ताई, अगं गाडी सुटली! उतार आहे इथं, दिसत नाही का?"

"उतार?" मान न वळवता ती म्हणाली. "कुठाय?"