घिरट्या

“चहात साखर...” एवढं बोलून इंदूबाई थांबल्या. चिंच फोडायला उचललेला दगड हातात तसाच राहिला. शेजारच्या ओट्यावर तावातावाने भांडणाऱ्या जावाही गप्प झाल्या. सगळ्यांची नजर वर. मग दगड खाली आला. “...किती घालू?”

आवाज मोजायचं यंत्र मी ओट्यावर मांडलं होतं. धावपट्टी वाढवण्याआधी आसपासच्या गावांना विमानांचा त्रास किती होतो, याचा अहवाल मला द्यायचा होता. पण दुरुस्तीसाठी विमानतळ गेला महिनाभर बंदच होता, म्हणून आज विमानांशिवायचा आवाज तेवढा नोंदवायचा होता.

“विमान नसलं तरी थांबायची सवय लागलीय तुम्हाला,” मी हसून म्हणाले.

“नसलं कसं? हे एक येतंच.”

तेवढ्यात पुन्हा सगळ्या गप्प झाल्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण यंत्रावरचा आकडा सरसर चढत गेला. अंगणात वाळत घातलेल्या चिंचांवरून पंख पसरलेली एक लांबलचक सावली सरकत गेली. मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

“कुठलं आहे हे?” मी विचारलं.

“कोणाला ठाऊक. सासूबाईंच्या वेळेपासून घिरट्या घालतंय. उतरायला बघतं, पण धावपट्टी आखूड पडते त्याला.”

मी कसंबसं पेन उघडलं. “मग... आवाजाचा त्रास होतो, असं लिहू?”

“आवाजाचं काही नाही हो, मॅडम,” पुढची चिंच दगडाखाली घेत इंदूबाई म्हणाल्या. “धावपट्टी तेवढी वाढवू नका.”