अडतीस गाठी

बाबांच्या दोरीला अडतीस गाठी होत्या, दर मीटरला एक. शेवटच्या गाठीत निळा धागा अडकलेला. लेकीनं तिसऱ्यांदा मोजल्या. तिच्या नकाशांच्या पुस्तकात, दोन देश ज्यावर हक्क सांगतात त्या डोंगरमाथ्यावरच्या तलावाची खोली एक्केचाळीस मीटर होती, आणि मोजणारे म्हणून एकट्या बाबांचं नाव. “उद्या छपाई, बाबा. उरलेले तीन मीटर काय हवेत मोजलेत?” “हवा तरी कुठे होती तिथे!” बाबा हसले, मग निळा धागा कुरवाळत राहिले. “आमची दोरी तोकडी पडली. पलीकडच्या देशाच्या मोजणीदारानं होडी जवळ आणून आपली निळी दोरी जोडली. म्हणाला, ‘चहा मात्र तुमच्याकडचा.’ बोभाटा झाला असता तर दोघांची नोकरी गेली असती.” “आकडा खोडू?” बाबांनी चाळीस वर्षं त्या मोजणीदाराचं नाव गिळलं होतं. “आकडा खरा आहे. माझ्याआधी त्याचं नाव लिही.”