बाईंचं रेकॉर्डिंग

नव्या सुपरवायझरबाईंनी सकाळच्या मीटिंगमधलं स्वतःचं भाषण मोबाइलवर रेकॉर्ड केलं, आवाजात वजन आलंय का ते तपासायला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून, कानांत इअरफोन घालून त्या कौतुकाने ऐकायला बसल्या. वजन होतं, चांगलं किलोवारी होतं. पण मधूनमधून क्रेनवाल्या काकांचा आवाजही होता: “बाई, एक सांगायचं होतं.” त्यावर बाईंचं दर वेळी “नंतर.” असं चारदा. पाचव्यांदा काका नुसतेच खाकरले होते. बाईंचा घास हातातच राहिला. दोन वाजता क्रेनने अवजड यंत्र उचलायचं होतं. त्या तडक यार्डात गेल्या. “काका, सकाळी मी तुम्हाला बोलूच दिलं नाही. चुकलं माझं. बोला.” “क्रेनच्या पोलादी दोराच्या काही तारा तुटल्यात.” “मग आज काहीच उचलायचं नाही,” बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. “मालक ओरडतील की,” काका म्हणाले. “ओरडू देत. ऐकून घ्यायला मी आजच शिकलेय.”