लग्नाचा दिवस, पुन्हा

"आपलं लग्न पुन्हा एकदा बघून येऊ," हेरंब म्हणाला. वर्षभराच्या भांडणांनंतर तो गोड बोलला, म्हणून केतकी हरखली. चार वर्षांच्या रेवाला झोपवून दोघांनी मनगटावरच्या यंत्राचं 'मागे' दाबलं.

नियम सगळ्यांनाच ठाऊक होता. मागे जाऊन जुनंच तसंच केलं, तर 'पुढे' दाबून परतता येई. काही नवं केलं, की पुढचं सगळं पुसलं जाई.

अंतरपाट दूर झाला. केतकीने हार घातला. हेरंबने मात्र आपला हार खाली ठेवला.

"मला हे लग्न करायचं नाही," तो भटजींना म्हणाला. मग केतकीकडे वळून हळूच पुटपुटला, "घटस्फोटापेक्षा हे सोपं."

तिच्या मनगटावरचं 'पुढे' विझलं.

"अरे, रेवा!" ती किंचाळली.

तिची आई घाबरून धावत आली. "कोण गं रेवा?"