आमदार हॅलोरन यांचं पान

आयर्लंडमधल्या शॅननजवळच्या एका गावाने आपल्या थोर पुरुषावर वेबसाइट करायचं ठरवलं आणि ते काम गावात राहणाऱ्या यामिनीकडे आलं. लॉकडाऊनमध्ये तिने सगळी जुनी कागदपत्रं वाचून काढली. टिमथी हॅलोरन एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळात उपाशीपोटी बोटीने अमेरिकेला गेला, बारा वर्षं हमाली केली आणि पुढे तिथल्या एका राज्यात तीनदा आमदार झाला. एवढ्या वर्षांत त्याने एकच कायदा मंजूर करून घेतला. बाहेरून आलेल्या चिनी मजुरांना कुणी कामावर ठेवायचं नाही.

समितीचे म्हातारे अध्यक्ष शॉन यांनी मजकूर वाचला. "बाकी ग्रँड आहे. ते कायद्याचं तेवढं काढ."

"पण त्याने आमदार म्हणून केलं ते तेवढंच, शॉन."

"लोकांना त्याचा अभिमान वाटू दे ना."

आयरिश नागरिकत्वाच्या यामिनीच्या अर्जावर ओळखीचे नागरिक म्हणून शॉन यांची सही हवी होती आणि तो अर्ज आठवडाभर त्यांच्या टेबलावर पडून होता. तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि ते वाक्य पुसलं.

शॉननी लगेच पेन काढून सही केली. सहीच्या वर छापलं होतं, 'अर्जदार सचोटीची व्यक्ती असल्याची मी खात्री देतो.'