तिसरं भूमिपूजन

चामोर्शीजवळच्या माळावर स्टीलच्या कारखान्याचं तिसऱ्यांदा भूमिपूजन झालं. याआधी दोनदा इथं नारळ फुटला आणि दोन्ही वेळा पाठोपाठ मुंबईत आमदार फुटले, सरकार पडलं. कंपनीनं दर वेळी एकच सांगितलं, राजकारण निवळू द्या, मग पैसा लावतो.

पहिल्या भूमिपूजनाला अजय पुढच्या खुर्चीत बसला होता. नोकऱ्या स्थानिकांनाच, हे भाषण ऐकून त्यानं आयटीआयला जाऊन वेल्डिंग शिकून घेतलं. आता तो हरिदासभाऊंच्या मंडप डेकोरेशनवर रोजीनं जातो.

मंत्र्यांच्या गाड्यांची धूळ खाली बसायच्या आत कंपनीचा साहेब फोनवर होता. “सर, चॅनेलवर दाखवलं ना? शेअर चढला? बस, मग झालं इथलं काम.” आणि तोही गेला.

संध्याकाळी मंडप उतरवताना अजयनं विचारलं, “आता तं होईन ना भाऊ कारखाना?”

हरिदासभाऊ पडदे गुंडाळत राहिले.

मंडपाच्या लाकडी बल्ल्या उपटून झाल्या. अजयनं फावडं घेतलं आणि त्यांचे खड्डे बुजवायला लागला. उघडे ठेवले तर चरायला येणाऱ्या ढोरांचे पाय मोडतात.

“नोको बुजवू,” भाऊ म्हणाले.

“काऊन?”

“राहू दे. पुढच्या सरकारले कामी पडतीन.”