पाठमोरी

व्यंगचित्रकाराच्या वर्षानुवर्षं चाललेल्या कौटुंबिक चित्रमालिकेतली आई हल्ली प्रत्येक चौकटीत पाठमोरीच दिसायची, आणि वाचकांना चघळायला आयता विषय मिळाला होता.

"सुनेवर रुसलीय वाटतं."

"रुसते कसली! नुसता ताठा."

"भरल्या संसाराकडे अशी पाठ फिरवणं शोभतं का बाईला?"

फोनवरचे हे शेरे बापाला वाचून दाखवता दाखवता मुलगी वैतागली. "आपली आई गेली, हे यांना कुठे ठाऊक? पण बाबा, चित्रातली आई तुम्ही तिच्यावरूनच बेतलीत ना? मग वळवा की एकदा इकडे. मलाही बघायचीय."

त्याने टेबलावर साचलेला खोडरबराचा भुगा तळव्याने बाजूला सारला.



"रोज वळवतो गं. डोळे मिटलेलेच उमटतात."